ट्रायक्लोरोइथिलीन : कार्यस्थळावरील धोके व सुरक्षित हाताळणी

ट्रायक्लोरोइथिलीन हे रंगहीन, गोडसर वासाचे क्लोरीनयुक्त विद्रावक आहे. त्याच्या रेणूत कार्बनचे २, हायड्रोजनचा १ आणि क्लोरीनचे ३ अणू असतात. धातूच्या सुट्या भागांवरील तेल व ग्रीस काढण्यासाठी कारखान्यांत त्याचा उपयोग होतो.

गुणधर्म

हे द्रव सुमारे ८७ अंश सेल्सिअसला उकळते. मात्र सामान्य तापमानालाही त्याची वाफ होत असते. ही वाफ हवेपेक्षा सुमारे साडेचारपट जड असल्याने टाकी, खड्डा, तळघर अशा सखल जागी साचते.

आरोग्यावरील परिणाम

वाफ श्वासावाटे शरीरात गेल्यास डोकेदुखी, चक्कर व गुंगी येते. प्रमाण वाढल्यास शुद्ध हरपते, हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि मृत्यूही ओढवू शकतो. द्रवाच्या वारंवार स्पर्शाने त्वचा कोरडी पडून भेगाळते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये या रसायनाला मानवासाठी कर्करोगकारक ठरवले. त्याचा संबंध मुख्यतः मूत्रपिंडाच्या कर्करोगाशी आहे. नाक वासाला सरावत असल्याने वास येत नाही म्हणजे धोका नाही, असे मानता येत नाही.

बंदिस्त जागेतील धोका

धान्याच्या पेवात किंवा जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी पेटता दिवा खाली सोडून पाहण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. ऑक्सिजन अपुरा असल्यास दिवा विझतो. ट्रायक्लोरोइथिलीनच्या टाकीला मात्र ही कसोटी लावू नये. घातक प्रमाणातील वाफेतही दिवा तेवत राहू शकतो. शिवाय ज्योतीच्या उष्णतेने वाफेचे विघटन होऊन हायड्रोजन क्लोराइड व फॉस्जीन हे विषारी वायू निर्माण होतात. आत कोसळलेल्या सोबत्याला वाचवण्यासाठी तसाच उतरणारा कामगारही बळी पडू शकतो.

सुरक्षित हाताळणी

* वाफ टाकीच्या काठाजवळूनच खेचून घेणारी शोषण व्यवस्था असावी. छताचा पंखा पुरेसा नसतो.
* कापडी रुमाल व धुळीचा मुखवटा वाफ अडवत नाहीत. टाकीत उतरताना बाहेरून शुद्ध हवा पुरवणारे श्वसनयंत्र व कमरेला दोर असावा आणि बाहेर दुसरी व्यक्ती उभी असावी.
* जवळपास वेल्डिंग, धूम्रपान वा उघडी ज्योत नसावी.
* उरलेले द्रव जमिनीवर ओतू नये. पाण्यापेक्षा जड असल्याने ते खोल झिरपून भूजल दूषित करते.

कायदेशीर तरतुदी

२०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ३६ मध्ये विषारी वायू साचलेल्या टाकीत शिरण्याविषयीचे निर्बंध होते. १९८७ च्या दुरुस्तीनंतर अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत या वाफेची मर्यादा ८ तासांच्या सरासरीने हवेच्या दशलक्ष भागांत ५० भाग, तर अल्पकाळासाठी २०० भाग अशी ठरवण्यात आली.