हाताला कळलेलं घर

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने गवंडीकामावर बोलावं, हे काहींना विचित्र वाटेल. पण हे उदाहरण तत्त्वज्ञानात फार जुनं आहे. सद्गुणांची चर्चा करताना ॲरिस्टॉटल घर बांधणाऱ्याचाच दाखला देतो. माणूस बांधत बांधत बांधणारा होतो, तसा न्यायाने वागत वागत न्यायी होतो, असं त्याचं म्हणणं. पुढे गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने 1949 च्या आपल्या पुस्तकात एक भेद नीट मांडला. एखादी गोष्ट माहीत असणं वेगळं आणि ती करता येणं वेगळं. करता येणं म्हणजे आधी पाठ केलेल्या नियमांची नुसती अंमलबजावणी नव्हे.

हल्ली लहानसं घर स्वतः बांधायला शिकवणाऱ्या कार्यशाळा निघतात. लोक पैसे भरून तिथे चिखल तुडवतात. आपल्याला त्याचं हसू येतं. पण तिथे नक्की काय शिकायला मिळतं, आणि ते आपल्या दापोलीत का हवं, हे आज पाहू.

सुरुवात आखणीपासून. काटकोन आपण सगळे शाळेत शिकलो. आता मोकळ्या जमिनीवर दहा फूट बाय पंधरा फुटांची खोली आखा बघू! गवंडी दोरी घेतो, एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट मोजतो आणि तिरकं माप पाच फूट येईपर्यंत दोरी सरकवतो. मग दोन्ही कर्ण मोजून पाहतो. सारखे आले की चौकट बरोबर. प्रमेय तेच, पण इथे चूक वहीत राहत नाही, ती भिंतीत जाते आणि वर छपरापर्यंत पोचते. वासे बसेनात, तेव्हा ती कळते.

दुसरा धडा जांभ्याचा. या दगडाला इंग्रजीत लॅटराइट म्हणतात. फ्रान्सिस बुकॅनन याने 1807 साली ते नाव दिलं, वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. खाणीत हा दगड मऊ असतो, कापता येतो, आणि हवेवर राहिला की कठीण होत जातो. एवढं पुस्तकात मिळेल. पण हातातला चिरा भिंतीत घालण्याजोगा आहे की ठिसूळ, हे त्याच्या वजनावरून, ठोकल्यावर येणाऱ्या आवाजावरून ओळखावं लागतं. सांधेमोड म्हणजे काय, वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर का येऊ द्यायचा नाही, हे चार थर स्वतः लावल्यावर पक्कं बसतं.

तिसरा धडा छपराचा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. उतार कमी पडला तर वाऱ्याबरोबर पाणी कौलांखालून उलटं आत शिरतं. पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून छप्पर पुढे काढायचं. आणि एक लक्षात घ्या. ज्याला आपण अस्सल कोकणी घर म्हणतो, त्यावरचं मंगलोरी कौल हे 1865 च्या सुमारास मंगळूरला बासेल मिशनच्या कारखान्यात सुरू झालेलं. त्याआधी नळ्याची कौलं होती, गवताची छपरं होती. म्हणजे परंपराही शिकत आली आहे. तिची पूजा बांधायचं कारण नाही.

आता प्रश्न असा, की हे आपल्या शिक्षणात का नाही? उत्तर अडचणीचं आहे. ज्याच्या हातात पोथी, त्याने थापी धरायची नाही. ज्याच्या हातात थापी, त्याला पोथी मिळायची नाही. जातीने ही वाटणी केली आणि शाळेने ती फारशी मोडली नाही. गांधीजींनी 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत नई तालीम मांडली ती याच दुखण्यावर. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. कामातून शिकणं हेच तिथलं सूत्र. शाळा सुटलेली मुलं तिथे वर्षभर राहून वेल्डिंग, बांधकाम, शेती, विजेची कामं करत शिकतात. तिथला घुमट, म्हणजे 'पाबळ डोम', प्रसिद्ध आहे. लोखंडी पट्ट्यांच्या त्रिकोणांचा सांगाडा, त्यावर जाळी आणि सिमेंट. पट्ट्या मोजक्याच मापांच्या. एक माप चुकलं तर शेवटचा सांधा जुळत नाही. मास्तरांनी रागवायची गरजच उरत नाही!

सरकारच्या घरकुल योजनेतही ही सोय आहे. 2016 पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घर किमान 25 चौरस मीटरचं, आणि ते कंत्राटदाराला न देता लाभार्थ्याने स्वतः उभं करायचं. तिच्याच जोडीला 45 दिवसांचं गवंडी प्रशिक्षण आहे. ते खऱ्या घरकुलाच्या जागेवर होतं. म्हणजे वर्ग संपतो तेव्हा कुणाचं तरी घर उभं असतं.

लहान घरच का? कारण त्यात पायापासून कौलापर्यंत सगळे टप्पे एका माणसाच्या नजरेत राहतात. मोठ्या कामात कुणी फक्त रेती चाळतो, कुणी फक्त सळ्या वाकवतो. घर कुणालाच कळत नाही.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, ते तुम्हाला सांगायला नको. त्यानंतर पत्र्यांची टंचाई, कौलांची टंचाई, आणि त्याहून मोठी टंचाई ती चढवणाऱ्या माणसांची. पाऊस तोंडावर आणि छप्पर उघडं. पूर्वी मृगाआधी शाकारणी घरोघर व्हायची, चार माणसं वर चढायची. आज त्या चौघांतले दोघे मुंबईला आहेत, उरलेल्या दोघांचे गुडघे गेले आहेत. ज्ञान असं जातं. ग्रंथालय जळलं तर बातमी होते, याची होत नाही.

मर्यादाही सांगतो. कोयनेचा 1967 चा भूकंप आपण विसरू नये. जोत्यावर आणि दारं-खिडक्यांच्या डोक्यावर काँक्रीटचा पट्टा कसा हवा, हे अभियंत्याला विचारा. वीज जाणकाराकडूनच घ्या. ग्रामपंचायतीत बांधकाम परवानगीची चौकशी आधी करा. स्वतः करणं म्हणजे एकट्याने करणं नव्हे.

तेव्हा सुरुवात न्हाणीघराने करा, पडवीने करा. गावातल्या जुन्या गवंड्याला मजुरीबरोबर गुरुदक्षिणाही द्या आणि त्याच्या हाताखाली महिनाभर राबा. उन्हाळ्यात बांधा. परीक्षा पाऊस घेईल. गळलं तर कुठे गळलं ते खडूने खूण करून ठेवा, आणि पुढच्या वैशाखात पुन्हा वर चढा.