जपानी बेसबॉलचा हिवाळी बाजार: कोण गेलं, कोण परतलं आणि कोणाला पाठवलं

जपानमधला बेसबॉलचा मोसम नोव्हेंबरच्या आसपास संपतो. डिसेंबर आणि जानेवारीत संघांना सामूहिक सराव घेता येत नाही आणि 1 फेब्रुवारीला ओकिनावा-मियाझाकीच्या उबदार हवेत शिबिरं सुरू होतात. मधल्या थंडीत मैदानं रिकामी असतात, तरी क्रीडा दैनिकांची पहिली पानं भरून वाहतात. या काळाला जपानी चाहते ‘स्टोव्ह लीग’ म्हणतात. मैदानात खेळ नसला तरी शेगडीभोवती बसून कोण कुठे चाललंय याची चर्चा रंगवायची!

पात्रपरिचय थोडक्यात. एकूण 12 संघ, 6 सेंट्रल लीगमध्ये आणि 6 पॅसिफिक लीगमध्ये. खेळाडू एका लीगमधून दुसरीत जातात, काही थेट अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये जातात, तर काही वर्षांनी मायदेशी परततात. पैशांचे आकडे डोळे दिपवणारे असतात. पण या बाजारातले खरे नायक मला वेगळेच वाटतात. ज्यांनी जायचं म्हटलंच नव्हतं आणि तरीही ज्यांना बॅग भरावी लागली, ते.

एक एक एक एक एक

आयपीएलच्या लिलावात बोली सगळ्यांदेखत लागते. जपानी खेळाडूंसाठी मात्र अमेरिकी संघ अनेक वर्षं बंद लिफाफ्यातून बोली लावत. 1998 साली ठरलेल्या या ‘पोस्टिंग’ पद्धतीत सर्वात मोठ्या बोलीच्या संघाला त्या खेळाडूशी बोलणी करण्याचा हक्क मिळे आणि करार झाला तर बोलीची रक्कम जपानी संघाच्या खिशात जाई. समोरच्याचा आकडा माहीत नाही म्हटल्यावर बोली गोल आकड्यांत का लावायची? 2000 साली इचिरोसाठी सिअ‍ॅटल मरिनर्सने 1,31,25,000 डॉलर मोजले. 2006 साली सेइबू लायन्सच्या दाइसुके मात्सुझाकासाठी बॉस्टन रेड सॉक्सने जो आकडा लिहिला तो वाचताना जीभ अडखळते: 5,11,11,111 डॉलर आणि 11 सेंट!

त्याच हिवाळ्यात न्यूयॉर्क यांकीजने हानशिनच्या केई इगावासाठी 2,60,00,194 डॉलर लावले. शेवटचे 194 कशासाठी? त्या मोसमात इगावाने तेवढेच फलंदाज स्ट्राइकआउट केले होते. पाच वर्षांनी टेक्सास रेंजर्सने यू दार्विशसाठी 5,17,03,411 डॉलरची बोली लावली. शेवटच्या चार अंकांतला 34 हा रेंजर्सचे तेव्हाचे अध्यक्ष आणि महान पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) नोलन रायन यांचा जर्सी क्रमांक आणि 11 हा दार्विशचा. मात्सुझाकाचा विक्रम 5,92,300 डॉलरने मोडला गेला.

कधीकधी लिफाफा जिंकूनही हातात काहीच येत नसे. 2010 साली ओकलंडने हिसाशी इवाकुमाची बोली जिंकली, पण करार फिसकटला. एक मोसम जपानमध्येच काढून इवाकुमा मोकळा झाला आणि सिअ‍ॅटलला गेला. त्याच्या संघाला, राकुतेनला, या दोन्हींतून एक डॉलरही मिळाला नाही.

दोन पिचर, दोन टोकं

आता लिफाफे गेले. कोणताही अमेरिकी संघ 45 दिवसांत बोलणी करू शकतो आणि जपानी संघाचा वाटा सूत्रानं ठरतो: कराराच्या पहिल्या अडीच कोटी डॉलरवर 20 टक्के, पुढच्या अडीच कोटींवर 17.5 टक्के, त्यावरच्या रकमेवर 15 टक्के. डिसेंबर 2023 मध्ये योशिनोबू यामामोतोने लॉस एंजेलिस डॉजर्सशी 12 वर्षांचा 32 कोटी 50 लाख डॉलरचा करार केला. ओरिक्स बफेलोजला मिळाले 5 कोटी 6 लाख 25 हजार डॉलर.

आता रोकी सासाकी बघा. विशीतच त्याने ओरिक्सविरुद्ध परफेक्ट गेम टाकला होता, म्हणजे समोरच्या एकाही फलंदाजाला बेसवर पोचू दिलं नव्हतं, तोही 19 स्ट्राइकआउटसह. पण खेळाडू 25 वर्षांचा झालेला नसेल तर अमेरिकी नियमानुसार तो ‘हौशी’ धरला जातो आणि त्याला मोठा करार देताच येत नाही. 23 वर्षांचा सासाकी थांबला नाही. जानेवारी 2025 मध्ये त्यानेही डॉजर्सच निवडले, 65 लाख डॉलरच्या बोनसवर. चिबा लोत्तेचा वाटा त्याच्या चौथाईइतका, म्हणजे 16 लाख 25 हजार. ओरिक्सला याच्या तब्बल 31 पट मिळाले होते! लोत्तेच्या चाहत्यांचा संताप मी समजू शकतो. पण विशीतल्या खेळाडूने पैशांपेक्षा वेळ मौल्यवान मानली, याचं मला कौतुकच वाटतं. त्याच वर्षी डॉजर्स जगज्जेते झाले आणि वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला यामामोतो.

शोहेइ ओहतानीनेही 2017 मध्ये याच वयात हाच रस्ता धरला होता. त्याआधीची गोष्ट तर आणखी छान. 2012 साली शाळकरी ओहतानीने ‘मी थेट अमेरिकेला जाणार’ असं जाहीर करून टाकलं होतं. तरीही निप्पॉन-हॅम फायटर्सने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक वाटपात, निवडलं आणि आधी जपानमध्ये खेळणं का हिताचं ठरेल हे समजावणारा सुमारे 30 पानी दस्तऐवज त्याच्यासमोर ठेवला. शिवाय दार्विशची 11 नंबरची जर्सी. पोरगं थांबलं! पुढे अमेरिकेत, 2023 च्या डिसेंबरमध्ये, तो नवा संघ निवडत असताना टोरोंटोला निघालेल्या एका खासगी विमानाचा चाहत्यांनी इंटरनेटवर माग काढला. विमान उतरलं, तर आत एक कॅनेडियन उद्योगपती. ओहतानीने 70 कोटी डॉलरचा करार डॉजर्सशी केला. त्याला हवी असलेली 17 नंबरची जर्सी तिथे ‘जो केली’ या खेळाडूकडे होती, ती केलीने सोडली आणि ओहतानीने केलीच्या पत्नीला पोर्शे गाडी भेट दिली.

फटी शोधणारे

हे सगळे नियम आले कुठून? जवळपास प्रत्येक नियमामागे एक हट्टी माणूस सापडतो. 1964 साली नानकाई हॉक्सने मासानोरी मुराकामी या तरुण पिचरला शिकण्यासाठी अमेरिकेला पाठवलं. तो इतका चांगला खेळला की सप्टेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने त्याला थेट मेजर लीगच्या मैदानावर उतरवलं. तिथे खेळलेला तो पहिला जपानी. मग दोन्ही संघ म्हणू लागले, ‘हा आमचा!’ भांडण मिटलं ते 1965 चा मोसम अमेरिकेत आणि त्यानंतर घरी, या तडजोडीवर. त्यानंतर जवळपास 30 वर्षं त्या वाटेने दुसरा जपानी खेळाडू गेला नाही.

ही कोंडी हिदेओ नोमोने फोडली. किन्तेत्सू संघ त्याला सोडायला तयार नव्हता, तेव्हा त्याचा एजंट डॉन नोमुरा याने नियमावलीतली फट शोधली. खेळाडूने स्वेच्छेने निवृत्ती घेतली, तर जपानबाहेर खेळायला त्याला कोणी अडवू शकत नव्हतं. नोमो ‘निवृत्त’ झाला, 1995 मध्ये डॉजर्समध्ये दाखल झाला आणि त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला. हिरोशिमा कार्पचा डॉमिनिकन खेळाडू अल्फोन्सो सोरियानोही याच फटीतून 1998 मध्ये यांकीजकडे पोचला. मग मात्र फट बुजवली गेली आणि पोस्टिंग आलं.

विमानतळावरून परत बोलावलेला माणूस

या बाजारातला माझा सर्वात आवडता माणूस शिगेरू कोबायाशी.

गोष्ट सुरू होते सुगुरू एगावा या विलक्षण पिचरपासून. त्याला टोकियोच्या योमिउरी जायंट्सकडेच खेळायचं होतं. 1973 मध्ये हानक्यूने आणि 1977 मध्ये क्राउन लायटर लायन्सने त्याला ड्राफ्टमध्ये निवडलं. त्याने दोघांनाही नकार दिला. दुसऱ्या संघाचा त्याच्यावरचा हक्क 1978 च्या ड्राफ्टच्या आधी संपणार होता आणि मध्ये एकच दिवस असा उरत होता की एगावावर कोणाचाच हक्क नव्हता. 21 नोव्हेंबर 1978. त्याच दिवशी जायंट्सने त्याच्याशी करार करून टाकला!

देशभर गदारोळ उठला. लीगने करार नाकारला. रागावलेल्या जायंट्सने दुसऱ्या दिवशीच्या ड्राफ्टवर बहिष्कार घातला. चिठ्ठ्या टाकल्यावर एगावा गेला तो नेमका जायंट्सच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे, हानशिन टायगर्सकडे. शेवटी आयुक्तांनीच तोडगा सुचवला: हानशिनने एगावाशी करार करावा आणि लगेच त्याची जायंट्सशी अदलाबदल करावी. बदल्यात कोणाला द्यायचं? नाव निघालं जायंट्सचा भरवशाचा पिचर कोबायाशी याचं. 31 जानेवारी 1979 ला तो शिबिरासाठी मियाझाकीला निघाला होता. हानेदा विमानतळावरून त्याला परत बोलावलं गेलं.

त्याची काहीच चूक नव्हती. त्याने तक्रारीचा सूर लावला नाही, पिवळी-काळी जर्सी चढवली आणि 1979 च्या मोसमात जायंट्सविरुद्ध 8 सामने जिंकले, एकही हरला नाही. एकूण 22 विजय आणि सर्वोत्तम पिचरचा सावामुरा पुरस्कार. एगावाचं पदार्पणही हानशिनविरुद्धच झालं आणि त्यात तो हरला. पुढे कितीतरी वर्षांनी, 2007 मध्ये, हे दोघे साकेच्या एका जाहिरातीत समोरासमोर बसले. 2010 च्या जानेवारीत कोबायाशीचं निधन झालं.

28 नावांची गुप्त यादी

1993 पासून जपानमध्ये ठराविक वर्षं खेळलेला खेळाडू फ्री एजंट होऊ शकतो, म्हणजे आपला संघ स्वतः निवडू शकतो. पण मोठा खेळाडू नेणाऱ्या संघाला भरपाई द्यावी लागते आणि ती पैशांऐवजी माणसाच्या रूपातही मागता येते. नेणारा संघ 28 खेळाडूंची सुरक्षित यादी देतो. त्याबाहेरचा कोणीही समोरचा संघ उचलू शकतो. म्हणजे स्वाक्षरी एकाची आणि घर बदलायचं दुसऱ्यानेच!

2018-19 च्या हिवाळ्यात जायंट्सने हिरोशिमाचा योशिहिरो मारू आणि सेइबूचा गिन्जिरो सुमितानी आणले. भरपाई म्हणून सेइबूने तेत्सुया उत्सुमीला नेलं आणि हिरोशिमाने हिसायोशी चोनोला. उत्सुमीने जायंट्ससाठी ओरिक्सला नकार दिला होता. चोनोने तर निप्पॉन-हॅम आणि लोत्ते अशा दोन संघांचे ड्राफ्ट जायंट्ससाठी नाकारून कित्येक वर्षं वाट पाहिली होती. ज्या संघासाठी एवढं थांबले, त्याच संघाच्या यादीत त्यांची नावं नव्हती. सुदैवाने दोघांनाही परतीची वाट सापडली: चोनो 2022 च्या अखेरीस खेळाडू म्हणून जायंट्समध्ये परतला आणि उत्सुमी पुढे तिथेच प्रशिक्षक झाला.

शतकातली अदलाबदल

लीग ओलांडणाऱ्या सौद्यांत 1963 च्या हिवाळ्यातला सौदा अजून दंतकथेसारखा सांगितला जातो. हानशिनने आपला प्रमुख पिचर मासाआकी कोयामा पॅसिफिक लीगच्या ओरायन्सला दिला आणि बदल्यात त्यांचा प्रमुख फलंदाज काझुहिरो यामाउची घेतला. पुढच्याच मोसमात कोयामाने 30 सामने जिंकले, यामाउचीने 31 होम रन ठोकले आणि हानशिन लीगचा विजेता ठरला. 1986 मध्ये लोत्तेने हिरोमित्सू ओचिआईला चुनिचीकडे धाडलं आणि त्या एका माणसाच्या बदल्यात चार खेळाडू घेतले.

लीग बदलली की खेळही थोडा बदलतो. पॅसिफिकमध्ये 1975 पासून पिचरच्या जागी फक्त फलंदाजी करणारा खेळाडू असतो. सेंट्रलमध्ये पिचरलाच बॅट घ्यावी लागते. 2027 पासून सेंट्रलही हा नियम स्वीकारणार आहे.

घराची ओढ

हिरोकी कुरोदाने 2014 चा मोसम यांकीजमध्ये संपवला, तेव्हा अमेरिकेत राहून त्याला कित्येक पट जास्त पैसे मिळाले असते. तो सुमारे 40 कोटी येनवर हिरोशिमा कार्पमध्ये परतला. 2016 मध्ये कार्पने 25 वर्षांनी लीग जिंकली आणि मगच चाळिशी ओलांडलेल्या कुरोदाने निवृत्ती घेतली. मासाहिरो तानाकाचा प्रवास लांबलचक: 2013 मध्ये राकुतेनकडून 24 विजय, शून्य पराभव, मग यांकीज, पुन्हा राकुतेन, आणि शेवटी जायंट्स. दोन्ही देशांतला मिळून 200 वा विजय त्याने सप्टेंबर 2025 मध्ये जायंट्सच्या जर्सीत मिळवला.

त्सुयोशी शिन्जोचं गणित तर कोणालाच कळेना. 2000 च्या हिवाळ्यात हानशिनने त्याच्यापुढे 5 वर्षांसाठी 120 कोटी येन ठेवले होते. तो न्यूयॉर्क मेट्सकडे गेला, 2 लाख डॉलर पगारावर! निवृत्तीनंतर डिसेंबर 2020 मध्ये वयाच्या 48 व्या वर्षी तो संघाबाहेर पडलेल्या खेळाडूंच्या चाचणीत उतरला आणि एक हिट मारूनही दाखवला. कोणी करार दिला नाही. वर्षभरात निप्पॉन-हॅमने त्याला थेट व्यवस्थापक केलं.

डिसेंबरची नवी संधी

2022 पासून डिसेंबरात ‘कार्यरत खेळाडूंचा ड्राफ्ट’ होतो. राखीव संघात कुजत पडलेल्या खेळाडूंची नावं प्रत्येक संघ गुप्तपणे पुढे करतो आणि इतर संघ त्यांतून निवडतात. पहिल्याच फेरीत सॉफ्टबँकने सोडलेला कोतारो ओताके हानशिनला मिळाला. 2023 मध्ये तो 12 सामने जिंकला, फक्त 2 हरला आणि हानशिनने 38 वर्षांनी जपान सिरीज जिंकली. चुनिचीने डेनाकडून आणलेल्या सेइया होसोकावाने त्याच मोसमात 24 होम रन मारले. पुढच्या वर्षी शुन मिझुतानी सॉफ्टबँकमधून शिन्जोच्या निप्पॉन-हॅममध्ये आला आणि 2024 च्या आंतर-लीग सामन्यांत .438 च्या विक्रमी सरासरीने सर्वोत्तम खेळाडू ठरला. आधीच्या पाच वर्षांत मुख्य संघाकडून त्याला एकही सामना खेळायला मिळाला नव्हता.