गावची बाई, शहरी तोरा: रोमानियाची किरित्सा

रोमानियन विनोदी मालिका बघायच्या असतील, तर आधी किरित्साबाईंना भेटा! वासिले आलेक्सांद्री या नाटककाराने 1850 साली तिला रंगमंचावर आणलं. खेड्यातली जमीनदारीण, दोन मुलींना स्थळं शोधायला याश शहरात येते आणि भामट्यांच्या तावडीत सापडते.

1852 च्या पुढच्या नाटकात तर बाईंना मोठ्या अधिकाऱ्याची बायको म्हणून मिरवायचंय. मग घोडेस्वारीचा खास पोशाख, सिगारेट, मोडकंतोडकं फ्रेंच आणि लाडक्या मुलाला, गुलित्साला शिकवायला घरी फ्रेंच मास्तर! गंमत म्हणजे ही भूमिका तेव्हा मातेई मिलो हा पुरुष नट करायचा. 1980 च्या दशकात द्रागा ओल्त्यानू मातेईने ती पडद्यावर गाजवली.

आता प्रो टीव्ही वाहिनीवरची ‘लास फिअर्बिंत्स’ ही मालिका बघा. 2012 मध्ये सुरू झालेली, मिमी ब्रनेस्कूने लिहिलेली. बुखारेस्टपासून फार लांब नसलेलं गाव, तिथला बार आणि गावातले बेरकी लोक. एका बेवड्याचं नाव तर चक्क सेलेंतानो, इटालियन गायकाचंच!

फरक एवढाच: किरित्सामध्ये हसू येतं ते बाईंच्या नक्कल करण्याच्या हौसेचं. इथे गाव स्वतःच्याच तोऱ्यात असतं. दोन्ही बघा, याच क्रमाने.