जहाज आपली ओळख कशी सांगतं? एआयएस यंत्र आणि शब्दप्रमाण

मागच्या दोन व्याख्यानांत आपण प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन प्रमाणं पाहिली. आज तिसरं, म्हणजे शब्द. दुसऱ्यानं सांगितलं म्हणून आपल्याला कळलं, याला ज्ञान म्हणायचं का आणि कोणत्या अटींवर? हा प्रश्न पोथीतला वाटतो, पण तो रोज रात्री अरबी समुद्रात सोडवावा लागतो. म्हणून आज आपण उदाहरण घेणार आहोत ते जहाजावरच्या एका लहानशा पेटीचं. तिचं नाव एआयएस, म्हणजे स्वयंचलित ओळख यंत्रणा. ही पेटी बसवतात कशी, चालवतात कशी, हे नीट समजून घेऊ. तत्त्वज्ञान त्यातूनच वर येईल.

आधी गरज कशातून आली ते पाहू. रडार लाटा सोडतं, त्या समोरच्या वस्तूवर आपटून परत येतात आणि पडद्यावर ठिपका उमटतो. ठिपक्यावरून अंतर कळतं, दिशा कळते, थोडा वेळ लक्ष ठेवलं तर वेगही काढता येतो. पण ठिपक्याला नाव नसतं. तो तेलवाहू जहाजाचा की प्रवासी बोटीचा, हे रडार सांगत नाही. रेडिओवर हाक तरी कोणाला मारायची? एआयएस ही उणीव भरून काढतं. इथे आपण समोरच्याकडे बघत नाही, समोरचा स्वतःहून सांगतो: मी अमुक, इथे आहे, या दिशेला, या वेगानं चाललो आहे. म्हणजे रडार हे प्रत्यक्ष आणि अनुमानाच्या बाजूचं, तर एआयएस हे सरळसरळ शब्दप्रमाण.

आंतरराष्ट्रीय सोलास कराराच्या पाचव्या प्रकरणानुसार आंतरराष्ट्रीय सफरीवरच्या ३०० टनांच्या (ग्रॉस टनेज) व त्यावरील जहाजांना, देशांतर्गत फिरणाऱ्या ५०० टनांवरच्या मालवाहू जहाजांना आणि सर्व प्रवासी जहाजांना हे यंत्र सक्तीचं आहे. मोठ्या जहाजांवर असतो तो 'अ' वर्ग, तो १२.५ वॉट शक्तीनं बोलतो. लहान बोटींसाठी 'ब' वर्ग. त्याची शक्ती प्रकारानुसार २ किंवा ५ वॉट.

आता हे बोलतं कसं, ते बघा. १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ अशा दोन व्हीएचएफ वाहिन्या यासाठी राखून ठेवल्या आहेत. प्रत्येक वाहिनीवर एका मिनिटाचे २२५० तुकडे पाडलेले असतात. एक तुकडा साधारण २७ मिलिसेकंदांचा. घड्याळं जीपीएसच्या वेळेवर जुळवलेली असतात, त्यामुळे सगळ्यांचे तुकडे एकच. पण कोणी कधी बोलायचं हे ठरवणारा अध्यक्ष या सभेत नाही. 'अ' वर्गाचं प्रत्येक यंत्र बोलता बोलताच आपली पुढची पाळी जाहीर करतं, आणि बाकीचे ती जागा सोडून आपली निवडतात. गर्दी फार झाली तर लांबच्या जहाजाची जागा वापरली जाते, जवळच्याचा आवाज मात्र दाबला जात नाही. सभाशास्त्राच्या दृष्टीनं हे आपल्याकडच्या बऱ्याच सभांपेक्षा बरं आहे!

किती वेळा बोलायचं, हे वेगावर अवलंबून असतं. नांगरावर स्थिर असलेलं 'अ' वर्गाचं जहाज दर ३ मिनिटांनी स्थिती सांगतं. १४ नॉटपर्यंत वेग असेल तर दर १० सेकंदांनी, १४ ते २३ मध्ये दर ६ सेकंदांनी, त्याहून जास्त असेल तर दर २ सेकंदांनी. वळत असेल तर आणखी लवकर. नाव, प्रकार, मुक्काम वगैरे मजकूर दर ६ मिनिटांनी जातो. 'ब' वर्गाची साधी यंत्रं चालत्या बोटीवर बहुधा ३० सेकंदांनी एकदा बोलतात. हे आकडे लक्षात ठेवा, त्यांचं काम पुढे पडणार आहे.

आता बसवण्याकडे येऊ. व्हीएचएफ लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, म्हणून अँटेना जितकी उंच तितका पल्ला लांब. मोठ्या जहाजांमध्ये तो साधारण २० सागरी मैलांचा धरतात. अँटेना चारही बाजूंना मोकळी हवी. लोखंडी खांब, चिमणी, कठडे यांच्यापासून आडव्या अंतरानं किमान २ मीटर दूर, आणि रडारच्या झोतापासून किमान ३ मीटर लांब. बोलण्याच्या व्हीएचएफ रेडिओची अँटेना जवळ असेल तर दोन्ही एकाच उभ्या रेषेत, मध्ये कमीत कमी २ मीटर ठेवून बसवतात. एकाच पातळीवर बसवायच्या झाल्या तर त्यांच्यात १० मीटर अंतर हवं. नाहीतर एक बोलू लागली की दुसरीचे कान बधिर होतात. जीपीएसच्या अँटेनाचं उलट आहे. तिला उंचीची हाव नाही, तिला आकाश हवं. क्षितिजाच्या ५ अंश वरपासून थेट डोक्यावरपर्यंत आडकाठी नसावी.

केबल शक्य तितकी आखूड, चांगल्या प्रतीची, आणि बाहेरचा प्रत्येक जोड पाणी जाणार नाही असा बंद केलेला. खारं पाणी एकदा जोडात शिरलं की यंत्र बंद पडत नाही, नुसतं हळू बोलू लागतं. हे जास्त वाईट. आपल्या पडद्यावर सगळं ठीक दिसतं, दुसऱ्याला मात्र आपण ऐकू येत नाही. मोठ्या जहाजावर यंत्राला आणीबाणीच्या विजेचीही जोडणी द्यावी लागते. कारण इंजिन बंद पडलं, अंधार झाला, की नेमकी तेव्हाच ओळख सांगण्याची गरज सर्वांत जास्त असते.

तारा जोडून झाल्या की यंत्राला माहिती भरवायची. इथे आपल्या विषयाचा गाभा आहे. एआयएसचा संदेश ऐकणाऱ्याला एकाच तोंडून आल्यासारखा वाटतो, पण त्यात तीन वेगळे साक्षीदार बोलत असतात.

पहिला साक्षीदार, यंत्र बसवणारा. जहाजाचं नाव, हाकेचं चिन्ह, प्रकार, आणि एमएमएसआय नावाचा नऊ आकडी क्रमांक तो एकदाच भरतो. भारतीय जहाजाचा क्रमांक ४१९ नं सुरू होतो. जुनं यंत्र विकत घेऊन दुसऱ्या बोटीवर तसंच लावलं, तर ती बोट पहिल्या बोटीच्या नावानं बोलत राहते. दोन्ही बोटी चालू असतील तर किनाऱ्यावरच्या पडद्यावर एकच बोट क्षणात इथे, क्षणात तिथे उड्या मारताना दिसते.

त्याहून नाजूक गोष्ट मापांची. जीपीएस जी जागा सांगतं ती जहाजाची नव्हे, अँटेनाची. म्हणून अँटेनापासून नाळ किती लांब, मागचं टोक किती लांब, डावी आणि उजवी बाजू किती, ही चार अंतरं भरावी लागतात. समजा ३०० मीटरचं जहाज आहे आणि अँटेना नाळेपासून २५० मीटर मागे आहे. बसवणाऱ्यानं पुढचं-मागचं उलटं भरलं, की दुसऱ्यांच्या पडद्यावर नाळ खऱ्या जागेपेक्षा २०० मीटर मागे दिसणार. जी मोकळी जागा नाहीच, ती आहे असं समजून कोणीतरी समोरून बोट काढणार. बसवणारा तोवर कधीच घरी गेलेला असतो. त्याची चूक मात्र दर ६ मिनिटांनी नव्यानं प्रसारित होत असते.

दुसरा साक्षीदार, ब्रिजवरचा अधिकारी. मुक्काम, पोचण्याची वेळ, जहाज पाण्यात किती खोल बसलं आहे, आणि सध्याची अवस्था: इंजिनावर चाललंय, नांगरावर आहे, धक्क्याला बांधलंय, मासेमारी करतंय की ताब्यात राहिलेलं नाही. हे सगळं हातानं बदलायचं असतं आणि म्हणूनच विसरलं जातं. धक्का सोडून तास झाला तरी 'बांधलेलं' असं सांगत १२ नॉटनं जाणारी जहाजं पडद्यावर दिसतात. पोचण्याची वेळ जागतिक वेळेत भरायची असते. आपल्याकडे संध्याकाळी ६ वाजता पोचणार असेल तर १२.३० भरायला हवं. घड्याळात पाहून १८.०० भरलं तर साडेपाच तासांचा घोळ. म्हणून शिस्त अशी ठेवायची: नांगर उचलला, नांगर टाकला, धक्का सोडला, धक्क्याला लागलो, की त्याच वेळी यंत्रावर बदल करायचा.

तिसरा साक्षीदार, इतर उपकरणं. जागा आणि वेग जीपीएसकडून येतो, नाळ कुठे रोखली आहे ते जायरो होकायंत्राकडून. जायरो ५ अंशांनी चुकत असेल तर ती चूक एआयएस इमानेइतबारे सगळ्यांना सांगतं. म्हणून पाळी सुरू होताना आपलंच यंत्र आपल्याबद्दल काय सांगतंय, ते वाचून ताडून पाहायचं. शिवाय मोठ्या जहाजांवर वर्षातून एकदा मान्यताप्राप्त तपासनीसाकडून चाचणी करून घ्यावी लागते.

आता न्यायदर्शनाकडे वळू. शब्द प्रमाण कधी? तो आप्ताचा असेल तेव्हा. आप्त कोण? ज्याला ती गोष्ट स्वतः नीट कळली आहे आणि जशी कळली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. वात्स्यायनानं इथे कुळ पाहिलं नाही. ऋषी, आर्य, म्लेंच्छ, तिघांनाही हेच लक्षण लावलं. मग पेटी आप्त होऊ शकते का? पेटीला इच्छा नसते. तेव्हा आप्तपणा शोधायचा तो पेटीत नाही, पेटीमागच्या माणसांत: बसवणाऱ्याच्या काळजीत, अधिकाऱ्याच्या शिस्तीत, तपासनीसाच्या प्रामाणिकपणात. 'यंत्रानं सांगितलं' हे अर्धं वाक्य आहे. 'कोणी भरलेलं' हे विचारल्याशिवाय ते पूर्ण होत नाही.

आणि कधी कधी सांगणं निव्वळ खोटं असतं. जून २०२१ मध्ये ब्रिटिश युद्धनौका डिफेंडर सेवास्तोपोलच्या दिशेनं गेल्याचा एआयएस माग दिसत होता; प्रत्यक्षात ती ओडेसाच्या धक्क्यालाच होती आणि बंदरातल्या कॅमेऱ्यात दिसतही होती. शब्दाला प्रत्यक्षानं खोडून काढल्याचं याहून स्वच्छ उदाहरण मिळणं अवघड. म्हणून ब्रिजवरचा नियम असा, की एआयएसनं सांगितलेली जागा रडारच्या ठिपक्याशी आणि खिडकीतून दिसणाऱ्या दिव्यांशी जुळते का, ते पाहायचं.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. पडद्यावर काही नाही, म्हणजे समुद्रात काही नाही का? आपल्याकडे कुमारिल भट्टांच्या परंपरेनं अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं, पण एक अट घालून: ती वस्तू असती तर नक्की दिसली असती, अशी परिस्थिती हवी. दिवसा उजेडी टेबलावर घडा दिसला नाही तर घडा नाही असं म्हणता येतं. अंधारात दिसला नाही, तर काहीच म्हणता येत नाही.

एआयएसचा पडदा हा असाच अंधार आहे. ज्याच्याकडे यंत्र नाही तो त्यावर नाही. फायबरची छोटी होडी नाही, वीज गेलेलं जहाज नाही. २०११ च्या पावसाळ्यात खलाशांनी सोडून दिलेलं पवित हे तेलवाहू जहाज वाहत वाहत थेट जुहूच्या वाळूत येऊन रुतलं. सोडून दिलेलं जहाज आपली ओळख सांगेल, ही अपेक्षाच करता येत नाही. जून २०१७ मध्ये कोचीजवळ व्यापारी जहाजाच्या धडकेत मासेमारी बोटीवरची माणसं दगावली. तेव्हा टेहळणीचा जुना नियम, डोळ्यांनी आणि कानांनी पाहारा ठेवण्याचा, हा एआयएस आल्यानं रद्द झालेला नाही. जहाजांच्या टक्कर-प्रतिबंधक नियमांत तो पाचव्या क्रमांकावर आजही तसाच आहे.

आपल्या किनाऱ्यावरच्या मंडळींसाठी एक खुलासा करायला हवा. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये मासेमारी बोटींसाठीच्या ज्या ट्रान्सपाँडर योजनेची सुरुवात झाली, ती उपग्रहावर चालणारी वेगळी यंत्रणा आहे. वादळाची सूचना मिळायला, संकटात किनाऱ्याला कळवायला तिचा मोठा उपयोग आहे. पण ती बोटीवर आहे म्हणून शेजारून जाणाऱ्या मोठ्या जहाजाला आपण एआयएसवर दिसतो, असं कोणी तांडेलानं समजू नये. आणि ज्यांच्याकडे 'ब' वर्गाचं एआयएस आहे त्यांनीही ३० सेकंदांचा आकडा आठवावा. २० नॉटनं येणारं जहाज तेवढ्या वेळात ३०० मीटर पुढे सरकलेलं असतं.

शेवटचा प्रश्न नीतीचा. हे यंत्र बंद करावं का कधी? नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले तेव्हा अनेक कप्तानांपुढे हा प्रश्न उभा राहिला. त्या जहाजांवर आपल्याकडचेही पुष्कळ खलाशी असतात. ओळख सांगावी तर हल्लेखोरही ऐकतो. न सांगावी तर अंधारात टकरीचा धोका, आणि मदतीला येणाऱ्यालाही जागा सापडत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की जहाज चालू असताना आणि नांगरावर असतानाही यंत्र सुरूच ठेवावं. मात्र त्यामुळे सुरक्षितता धोक्यात येते असं कप्तानाला वाटलं तर तो ते बंद करू शकतो. तसं केल्यास कारणासह नोंदवहीत लिहावं आणि धोका टळताच पुन्हा सुरू करावं. म्हणजे मौनाचा अधिकार दिला आहे, पण त्या मौनाचा हिशेब द्यावा लागतो. पकडलं जाऊ नये म्हणून चोरून मासे मारणारा किंवा बंदी असलेलं तेल नेणारा यंत्र बंद करतो, तेव्हा त्याच्या नोंदवहीत हे कारण लिहिलेलं नसतं. दोन मौनांमधला फरक तिथे आहे.

तेव्हा आजचं सार थोडक्यात. अँटेना उंच आणि मोकळी बसवा, जोड कोरडे ठेवा, मापं दोनदा तपासा, अवस्था वेळेवर बदला, दुसऱ्याचं ऐका पण डोळे उघडे ठेवून ऐका, आणि रिकाम्या पडद्यावर कधीही विसंबू नका. शब्दाला प्रमाण मानल्याशिवाय आपलं एक दिवसही चालणार नाही, समुद्रात नाही आणि जमिनीवरही नाही. म्हणूनच जो बोलतो त्यानं आपला शब्द प्रमाण ठरेल अशी काळजी घेणं हे त्याचं पहिलं कर्तव्य ठरतं. पुढच्या व्याख्यानात आपण उपमान घेऊ.