आजचं आभाळ कागदावर

कुठल्याही प्राथमिक शाळेत जा आणि मुलांना म्हणा, "निसर्गचित्र काढा." पाच मिनिटांत कागदावर दोन त्रिकोणी डोंगर उभे राहतात. त्यांच्या मधोमध अर्धा सूर्य, तिथूनच निघालेली निळी नदी, काठावर झोपडी आणि वर चार पक्षी. रत्नागिरीकडे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तरी तिथल्या चित्रात तो असतो. बीडकडे नदीच्या पात्रात धूळ उडत असते, तरी तिथल्या चित्रात ती भरून वाहते. हवा, पाऊस, ऊन मुलांच्या अंगावरून जातं. कागदावर मात्र उतरत नाही.

कवितावाचनाच्या निमित्तानं मी खेड्यापाड्यांतल्या शाळांमध्ये जातो. घाटमाथ्यावरच्या एका शाळेत तिसरीतल्या मुलीनं सगळा कागद राखाडी रंगवला होता. "डोंगर कुठाय गं?" असं बाईंनी विचारलं. ती म्हणाली, "आत हाय. धुकं पडलंय न्हवं." बाईंनी तिला दुसरा कागद देऊन 'नीट' चित्र काढायला लावलं. वर्गात खिडकीबाहेर पाहून चित्र काढलेली ती एकटीच होती. असं दोन-तीनदा झालं की मूल बाहेर बघणं सोडतं आणि शेजाऱ्याच्या कागदात बघू लागतं. म्हणून माझं सांगणं एवढंच, की चित्रकलेच्या तासाला रंगपेटीच्या आधी खिडकी उघडावी.

सुरुवात ढगांपासून करता येईल. जॉन कॉन्स्टेबल हा इंग्रज चित्रकार १८२१ आणि १८२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला नुसत्या आभाळाची चित्रं करत असे. कित्येक चित्रांच्या पाठीमागे त्यानं तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवली आहे. आपल्या मुलांनीही तेच करावं. पोस्टकार्डाएवढा कागद घ्यावा, दहा मिनिटं आभाळ पाहावं, दिसेल तेवढंच काढावं आणि मागे तीन गोष्टी लिहाव्यात. वारा कुठून येतो हे चिमूटभर माती सोडली की कळतं. आमच्या घरी आई ढगाला 'अब्र' म्हणायची, शाळेत गुरुजी 'अभ्र' म्हणायचे. शब्द दोन, ढग एकच. त्याचा रंग मात्र रोज निराळा असतो, आणि तो मुलांनी आपल्या डोळ्यांनी ठरवायचा असतो.

दुसरा विषय पावसाचा थेंब. मुलं तो वर टोकदार, खाली फुगीर काढतात. खरं तर लहान थेंब गोल असतो आणि मोठा थेंब पडताना खालून चपटा होतो. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये विल्सन बेंटली नावाचा शेतकरी होता. त्यानं १८८५ मध्ये हिमकणाचं छायाचित्र घेतलं आणि पुढे पिठात थेंब झेलून त्यांचा आकारही मोजला. ही युक्ती आपल्याला सहज जमेल. जाळी धरलेलं, टाकून द्यायचं पीठ चाळून ताटलीत बोटभर पसरावं, पावसात क्षणभर धरावं आणि वाळू द्यावं. मग पुन्हा चाळलं की चाळणीत बारीक गोळ्या राहतात. एक गोळी म्हणजे एक थेंब. त्यांच्याच मापाचे ठिपके कागदावर काढले की ते आजच्या पावसाचं चित्र झालं. रिमझिमीचे ठिपके आणि वळवाचे ठिपके शेजारी ठेवून बघा.

इंद्रधनुष्य मुलं हटकून सूर्याला खेटून काढतात. पण ते नेहमी सूर्याच्या समोरच्या बाजूला उमटतं. आपली पाठ सूर्याकडे असावी लागते. म्हणून ते सकाळी पश्चिमेला आणि संध्याकाळी पूर्वेला दिसतं, आणि तांबडा रंग बाहेरच्या कडेला असतो. पटत नसेल तर कोवळ्या उन्हात सूर्याकडे पाठ करून पाण्याची चूळ फवारा. मग चित्र काढा. आता कागदावर सूर्याला जागाच उरत नाही, ही गंमत मुलांना फार आवडते.

आपल्या पंचांगात तर चित्रकलेचा आयता विषय आहे. मृगापासून हस्तापर्यंत पावसाची नऊ नक्षत्रं, आणि प्रत्येकाचं एक वाहन: कोल्हा, मोर, बेडूक, म्हैस, हत्ती, गाढव. बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाऊस भरपूर, असं जुनी माणसं सांगतात. मुलांनी कागदाच्या डाव्या अर्ध्यात ते वाहन रंगवावं. उजव्या अर्ध्यात एक बरणी काढावी. सपाट तळाची, सरळ कडांची खरी बरणी उघड्यावर ठेवून पाणी रोज पट्टीनं मोजावं आणि ओतून द्यावं. तेरा-चौदा दिवसांची बेरीज चित्रातल्या बरणीत निळ्या रंगानं भरावी. हत्ती आला आणि बरणी कोरडी राहिली, तर पोरं आजोबांना प्रश्न विचारतील. विचारू द्यावेत. आजोबांकडेही सांगण्यासारखं बरंच असतं.

याला खर्च नाही. रंग नसतील तर कोकणात जांभ्याची तांबडी माती आहे, देशावर काळी आहे. ती वस्त्रगाळ करून डिंकाच्या पाण्यात कालवली की रंग तयार. वारली बायका गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चित्रं काढत आल्या, त्यांनी कुठल्या दुकानातून रंग आणले?

जून ते ऑक्टोबरची ही चित्रं तारखेनुसार दोरीवर टांगली की वर्गाच्या भिंतीवर गावाचा पावसाळा उभा राहतो. कुठे खंड पडला, कुठे एका दिवसात बरणी भरून वाहिली, हे पहिलीतल्या मुलालाही दिसतं. पाऊस बदलला असं आपण मोठी माणसं नुसतं बोलतो. या मुलांजवळ त्याचा कागद असेल. तेव्हा गुरुजनहो, ही चित्रं फेकू नका, पुढच्या वर्गाला द्या. आणि एखाद्या चित्रात डोंगर दिसला नाही, तर आधी तारीख पाहा. त्या दिवशी धुकं असेल.