छंद पाकिटांचा : गुलामगिरीच्या काळातले अमेरिकन टपाल

लहानपणी आम्ही टपालाची तिकिटे जमवत असू. चाळीत कुणाकडे परदेशातून पत्र आले असे कळले की त्यांच्या दारात जाऊन उभे राहायचे, पाकीट मागून आणायचे आणि वाटीभर पाण्यात भिजत घालायचे. तिकीट सुटले की ते वर्तमानपत्राच्या कागदावर वाळवायचे आणि पाकिटाचा लगदा मोरीत टाकून द्यायचा. वाचकांपैकी पुष्कळांनी हेच केले असेल. पुढे या छंदाची थोडीफार माहिती झाली तेव्हा कळले की आम्ही मोरीत टाकत होतो तोच खरा ऐवज होता.

अमेरिकेत या छंदाची एक मोठी शाखा आहे. तिथले जाणकार सुट्या तिकिटापेक्षा टपालातून आलेले अख्खे पाकीट पसंत करतात. त्याला ते 'कव्हर' म्हणतात. शिक्का कोणत्या गावाचा आहे, तारीख कोणती, पैसे आधी भरले होते की घेणाऱ्याकडून वसूल झाले, वाटेत कुणी काय शेरा मारला, हे सारे ते भिंग लावून वाचतात. त्यातही दोन प्रकारांवर या मंडळींचा विशेष जीव आहे. एक, एकोणिसाव्या शतकातली, त्यातून १८६१ ते १८६५ या यादवी युद्धातली पाकिटे. आणि दुसरी, युद्धकाळात आरमारी जहाजांवरून आलेली पत्रे. श्रीमंत देशातल्या लोकांचा चाळा म्हणून हा विषय आम्ही सोडून दिला असता. पण ते युद्ध गुलामगिरीवरून पेटले होते. त्या वेळी अमेरिकेत जवळजवळ चाळीस लाख काळी माणसे गुलाम होती. या पाकिटांत ती माणसे कुठे दिसतात का, हे आम्हाला पाहायचे होते.

आधी तिकडच्या टपालाची रीत सांगितली पाहिजे. १८४५ पर्यंत तिथे टपालाचा आकार कागद मोजून होत असे. पाकीट घातले तर तोही एक कागद धरला जाई आणि पैसे वाढत. म्हणून लोक पत्राचाच कागद दुमडून, लाखेने चिकटवून, त्याच्याच पाठीवर पत्ता लिहीत. पैसे बहुधा पत्र घेणाराच देई. १८४७ च्या १ जुलैला पहिली दोन तिकिटे निघाली : फ्रँकलिनचे पाच सेंटांचे आणि वॉशिंग्टनचे दहा सेंटांचे. पुढे १८५५ पासून देशातल्या पत्राचे पैसे आधी भरणे सक्तीचे झाले.

युद्ध सुरू झाले तेव्हा या सक्तीतून शिपायांना सवलत द्यावी लागली. रणांगणावर तिकीट कुठून मिळणार? १८६१ च्या जुलैमध्ये कायदा झाला की शिपायाने तिकिटाशिवाय पत्र टाकावे, त्यावर 'शिपायाचे पत्र' असे लिहून अधिकाऱ्याची सही घ्यावी आणि पैसे घरच्यांनी द्यावेत. १८६२ च्या आरंभी हीच सवलत आरमारातल्या खलाशांना मिळाली. आपल्याकडे ज्याला नॉटपेड पत्र म्हणतात तेच हे. अशा पाकिटावर 'ड्यू ३' असा शिक्का असतो. पोरगा जिवंत आहे हे कळण्यासाठी आईने तीन सेंट मोजले, ही त्याची पावती. बरे, पत्र घरपोच येत नसे. टपाल कचेरीत जाऊन रांगेत उभे राहावे लागे. मोठ्या शहरांत पोस्टमन मोफत दारापर्यंत येऊ लागला तो १८६३ च्या १ जुलैपासून.

दक्षिणेची पाकिटे याहून बोलकी आहेत. गुलाम बाळगणारी राज्ये फुटून निघाली आणि त्यांनी आपले स्वतंत्र टपालखाते काढले. पण कागदाच्या गिरण्या बहुतेक उत्तरेत! थोड्याच दिवसांत दक्षिणेत कागदाचा दुष्काळ पडला. आलेले पाकीट उसवायचे, आतली कोरी बाजू बाहेर करून पुन्हा चिकटवायचे आणि त्यातच उत्तर धाडायचे, असे सुरू झाले. अशा पाकिटाला दोन बाजूंनी दोन पत्ते आणि दोन तिकिटे असतात. भिंतीला लावायचा नक्षीचा कागद कापून केलेली पाकिटेही आहेत. बाहेरून पत्ता आणि आतून गुलाबाची फुले! पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या फुकट श्रमावर बंगले बांधणाऱ्यांना दिवाणखान्याच्या भिंतीचा कागद पत्राला वापरावा लागला, हे वाचून आम्हाला वाईट वाटले असे काही आम्ही म्हणणार नाही.

कोंडलेली बंदरे

१८६१ च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेची बंदरे कोंडण्याचा हुकूम काढला. आरमाराने समुद्रात पहारा बसवला. कापूस बाहेर जाऊ द्यायचा नाही आणि हत्यारे आत येऊ द्यायची नाहीत. मग राखाडी रंगाची हलकी, वेगवान आगबोट घेऊन, अंधाऱ्या रात्री दिवे मालवून हा पहारा चुकवणारे कप्तान पुढे आले. बर्म्युडा आणि नासाऊ इथून ते विल्मिंग्टन व चार्ल्स्टन बंदरांत शिरत. मालाबरोबर पत्रांची थैली असे. बंदरावरच्या टपाल कचेरीत अशा पत्रावर 'शिप' असा शिक्का पडे. पत्र पुढे आतल्या गावी जायचे असले की दहा सेंट टपालाचे आणि दोन सेंट कप्तानाचे, असे बारा सेंट आकारत. पाकिटावर लिहिलेला हा '१२' चा आकडा पाहिला की संग्राहकाचे डोळे चमकतात. अशी पाकिटे फार थोडी उरली आहेत आणि त्यांना मोल भारी येते. म्हणूनच खोट्या शिक्क्यांची पाकिटेही बाजारात येतात आणि जाणकारांच्या दाखल्याशिवाय शहाणा माणूस ती घेत नाही.

या कोंडीचा मुंबईशीही संबंध आहे. अमेरिकेचा कापूस अडला म्हणून इंग्लंडच्या गिरण्यांनी आपल्याकडच्या कापसाला वाटेल तो भाव दिला. मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये तिकडे युद्ध संपले आणि इकडे बाजार कोसळला.

पत्र कुणी न्यायचे, कुणी लिहायचे?

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. या साऱ्या टपालात काळा माणूस कुठे होता?

पत्र वाहून नेण्याचीच त्याला बंदी होती. १८०२ मध्ये टपालखात्याचे प्रमुख गिडियन ग्रेंजर यांनी एका सिनेटरला पत्र लिहून आपली भीती सांगितली. काळे टपालस्वार गावोगाव फिरले, चार लोकांत मिसळले, तर माणसाचे हक्क कातडीच्या रंगावर अवलंबून नसतात हे ते शिकतील, अशी ती भीती होती. त्याच वर्षी कायदा झाला की टपाल फक्त स्वतंत्र गोऱ्या माणसानेच न्यावे. हा कायदा ३ मार्च १८६५ रोजी रद्द झाला. म्हणजे त्रेसष्ट वर्षांतले टपाल कायद्याने फक्त गोऱ्या हातांनीच वाहायचे होते. आणि ते हात तरी प्रामाणिक होते का? १८३५ च्या जुलैमध्ये चार्ल्स्टनच्या जमावाने टपाल कचेरी फोडली आणि गुलामगिरीविरुद्धची उत्तरेतून आलेली छापील पत्रके जाहीरपणे जाळली.

लिहिण्याचीही तीच गत होती. उत्तर कॅरोलिनात १८३० मध्ये कायदा झाला की गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणे हा गुन्हा. तेव्हा त्या काळची जी हजारो पाकिटे आज संग्रहांत आहेत ती मालकांची, व्यापाऱ्यांची, वकिलांची आहेत. गुलामांच्या खरेदी-विक्रीचा बाजारभाव कळवणारी पत्रेही त्यांत आहेत. सुबक अक्षर, नीट घडी आणि आत माणसांच्या किमती.

चित्रांची पाकिटे हा आणखी एक प्रकार. युद्धात देशभक्तीची चित्रे छापलेली पाकिटे उत्तरेत सर्रास विकली जात. १८६१ च्या मे महिन्यात मन्रो किल्ल्यावर तीन गुलाम पळून आले. जनरल बटलर यांनी त्यांना मालकाकडे परत करायला नकार दिला. शत्रूची मालमत्ता म्हणून ते युद्धातली जप्ती ठरतात, असा कायद्याचा पेच त्यांनी टाकला. त्यासाठी वापरलेला 'काँट्राबँड' हा शब्द मग पळून आलेल्या सर्वच गुलामांना चिकटला. लगेच पाकिटांवर चित्रे आली : मालक चाबूक घेऊन मागे, गुलाम पुढे वाकुल्या दाखवत. गुलामाचा चेहरा मात्र माकडचेष्टा केल्यासारखा काढलेला. म्हणजे त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही त्याला विदूषकच केले. अशी पाकिटे जपावीत का? आमच्या मते जपावीत. अपमानाचा पुरावा जाळला तर फायदा अपमान करणाराचाच होतो. मात्र केवळ मजेदार चित्र म्हणून ते मांडणाऱ्याला चार शब्द सुनावलेच पाहिजेत.

आता एक वेगळा माणूस पाहा. विल्यम गोल्ड हे विल्मिंग्टनचे गुलाम, हुन्नरी गिलावा कारागीर. कायद्याला न जुमानता ते लिहायला शिकले होते. १८६२ च्या सप्टेंबरमधल्या एका रात्री ते आणि आणखी सातजण होडीत बसले आणि केप फिअर नदीतून वल्ही मारत, किल्ल्यांच्या तोफांखालून समुद्राकडे निघाले. दुसऱ्या दिवशी पहाऱ्यावरच्या 'केंब्रिज' या आरमारी जहाजाने त्यांना वर घेतले. ज्या जहाजांनी बंदर कोंडले होते त्यांच्यावरच ते खलाशी झाले. आरमारमंत्री वेल्स यांनी आदल्या वर्षीच पळून आलेल्या गुलामांना भरती करण्याची परवानगी दिली होती, पण हुद्दा 'बॉय', म्हणजे पोऱ्या, यापेक्षा वरचा द्यायचा नाही. पंचविशीच्या गोल्ड यांची नोंदही 'बॉय' अशीच झाली. गावात आपल्या म्हाताऱ्या आजोबांना पाटलाचे पोरही 'अरे' म्हणे, त्याची इथे आठवण होते. पुढे ते अधिकाऱ्यांच्या भोजनकक्षाचे कारभारी झाले.

गोल्ड यांनी जहाजावर रोजनिशी ठेवली. कोणते जहाज दिसले, कोणाचा पाठलाग केला, हे त्यांत आहेच. पण टपाल आले की नाही, कोणाचे पत्र मिळाले, कोणाला धाडले, हेही पुनःपुन्हा आहे. त्यांची वाग्दत्त वधू कॉर्नेलिया रीड. तिला पैसे मोजून गुलामीतून सोडवण्यात आले होते आणि ती नँटकेट बेटावर राहत होती. दोघेही एके काळी विकाऊ मालमत्ता, आणि आता दोघांमध्ये सरकारी टपालातून पत्रे जात-येत होती! १८६५ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचे लग्न झाले. मॅसॅच्युसेट्समधल्या डेडहॅम गावी त्यांनी संसार केला. सहा मुलगे झाले आणि सहाही सैन्यात गेले. रोजनिशी १९५८ मध्ये घराच्या माळ्यावरची अडगळ काढताना सापडली. पणतू विल्यम गोल्ड चौथे यांनी ती अभ्यासून २००२ मध्ये छापली. त्या युद्धात आरमारात काम केलेल्या सुमारे १८,००० काळ्या खलाशांची नावे संशोधकांनी शोधून काढली आहेत. अशा एखाद्या खलाशाचे पाकीट हाती लागले तर ते तीन सेंटांच्या साध्या तिकिटाचे असले तरी जाणकार सोडत नाहीत.

जहाजाचे नाव नसलेला शिक्का

जहाजांवर स्वतःची टपाल कचेरी आली ती १९०८ च्या कायद्याने. तेव्हापासून शिक्क्यात जहाजाचे नाव येऊ लागले आणि त्या शिक्क्यांचे शौकीनही वाढले. १९३२ मध्ये त्यांनी आपली संस्था काढली, ती आजही आहे. पण १९४१ च्या डिसेंबरमध्ये जपानशी युद्ध जुंपले आणि शिक्क्यातून जहाजाचे नाव गेले. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून. १९४२ पासून खलाशांना टपाल माफ झाले. तिकिटाच्या जागी ते हाताने 'फ्री' असे लिहीत. जहाजावरचा अधिकारी पत्र वाचे, नको ते पात्याने कापी आणि तपासल्याचा शिक्का मारून आद्याक्षरे घाली. पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून जहाज ओळखायचे आणि ते त्या दिवशी कोणत्या समुद्रात होते ते जुन्या नोंदींतून हुडकायचे, यात संग्राहक रात्री घालवतात.

या आरमारात १९३२ ते १९४२ या काळात भरती होणाऱ्या काळ्या तरुणाला एकच दार उघडे होते : अधिकाऱ्यांची ताटे वाढणे आणि कपडे आवरणे. टेक्सासच्या शेतमजूर घरातले डोरिस मिलर असेच 'वेस्ट व्हर्जिनिया' या युद्धनौकेवर लागले. ७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले तेव्हा ते धुण्याचे कपडे गोळा करत होते. त्यांनी जखमी कप्तानाला उचलून हलवण्यास मदत केली आणि मग, कधी शिकवली नव्हती ती विमानविरोधी मशीनगन चालवली. पहिल्या बातम्यांत त्यांचे नावसुद्धा नव्हते, फक्त 'एक काळा वाढपी'. काळ्या लोकांच्या 'पिट्सबर्ग कुरियर' या वृत्तपत्राने पाठपुरावा करून नाव मिळवले. मे १९४२ मध्ये ॲडमिरल निमिट्झ यांनी त्यांच्या छातीवर नेव्ही क्रॉस लावला. २४ नोव्हेंबर १९४३ रोजी 'लिस्कम बे' हे जहाज बुडाले. त्यात ६४४ जण गेले, मिलरही गेले. वय चोवीस.

बुडालेल्या जहाजांच्या पत्त्यावर लिहिलेली पत्रे घरी परत येत. आधीच्या पत्त्यावर आडवी रेघ, 'पाठवणाऱ्याकडे परत' असा शिक्का आणि न फोडलेले पाकीट. अशी पाकिटे लिलावात येतात तेव्हा काही संग्राहक ती विकत घेतात, पण आतले पत्र उघडत नाहीत.

२०१० च्या फेब्रुवारीत अमेरिकन टपालखात्याने चार नामवंत आरमारी वीरांची तिकिटे काढली. त्यांतले एक डोरिस मिलर यांचे होते, किंमत ४४ सेंट.