टोळाच्या पंखांना ताल कोण देतं?

टोळ उडताना सेकंदाला सुमारे २० वेळा पंख हलवतो. पंख वर गेल्याची जाणीव चेतासंस्थेला होते, मग तो खाली आणण्याचा आदेश निघतो, असा पूर्वी समज होता. डोनाल्ड विल्सन या शास्त्रज्ञानं १९६१ मध्ये तो तपासला. पंखांकडून संवेदना आणणाऱ्या नसा त्यानं कापल्या. तरीही ताल थांबला नाही; वेग मात्र जवळपास निम्म्यावर आला. म्हणजे ताल चेतापेशींच्या जाळ्यातच तयार होतो, संवेदना त्याचा वेग राखतात.

अशा जाळ्यांत बरेचदा पेशींचे दोन गट एकमेकांना रोखून धरतात. एक गट संदेश सोडतो तोवर दुसरा गप्प असतो. पहिला थकला की दुसऱ्याची पाळी येते.

मांजराच्या मज्जारज्जूतही अशी जाळी असतात. मेंदूशी संपर्क तुटलेलं मांजर सरावानंतर फिरत्या पट्ट्यावर मागचे पाय टाकू शकतं. म्हणूनच मज्जारज्जूला इजा झालेल्या काही रुग्णांना शरीराचं वजन पट्ट्यांनी पेलून ट्रेडमिलवर चालवलं जातं. सगळेच पुन्हा चालू लागतात असं नाही. पण पाय निश्चल झाले, तरी आतला ताल शिल्लक असू शकतो.